शिक्षा रद्द झाली, म्हणजे तक्रार खोटी ठरली का?

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि आपण

प्रश्न : हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याची लैंगिक अत्याचाराबद्दलची शिक्षा न्यूयॉर्कमध्ये रद्द झाली, मग खटला पुन्हा चालला आणि त्याला पुन्हा दोषी ठरवले, असे वाचले. त्याआधी अमेरिकेतला विनोदी अभिनेता बिल कॉस्बी सुटला, ऑस्ट्रेलियातले कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल पेलही सुटले. आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून मोठा वाद झाला. काहींच्या मते इतक्या वर्षांनी केलेल्या तक्रारी शेवटी खोट्याच निघतात, तर काहींच्या मते पैसेवाला माणूस कसाही सुटतोच. यात खरे काय समजावे?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : तुमच्या कट्ट्यावरचे दोन्ही गट एकमेकांशी भांडत असले, तरी दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे. वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली म्हणजे ‘तसे काही घडलेच नाही’ असा निकाल दिला, असे दोघेही मानतात. निकालपत्र उघडून वाचले, तर बहुतेक वेळा त्यात असे वाक्य सापडत नाही. ज्या देशांत घटना घडली की नाही हे ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंचमंडळ, ठरवते, तेथे अपिलाचे न्यायालय प्रामुख्याने हेच तपासते की ज्यूरीपुढे जे यायला नको होते ते आले का, खटला मुळात चालवण्याचा अधिकार होता का, आणि समोर आलेल्या सगळ्या पुराव्यावर ज्यूरीच्या मनात रास्त संशय उरायला हवा होता का. यांपैकी कोणत्या कारणाने शिक्षा रद्द झाली हे वाचल्याशिवाय तक्रार करणाऱ्या व्यक्तीच्या खरेखोटेपणाबद्दल कोणी एक शब्दही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही खटल्यांत कारणे वेगवेगळी होती, आणि म्हणूनच पुढचा प्रवासही वेगवेगळा झाला.

वाइनस्टीनला २४ फेब्रुवारी २०२० रोजी मॅनहॅटनच्या ज्यूरीने दोन आरोपांवर दोषी ठरवले. त्यांतला एक प्रसंग २००६ मधला, दुसरा २०१३ मधला होता. मार्चमध्ये त्याला २३ वर्षांची शिक्षा झाली. या खटल्यात सरकारी पक्षाने आणखी तीन स्त्रियांच्या साक्षी नोंदवल्या होत्या. त्यांच्यावरील अत्याचाराचे आरोप त्या खटल्यात नव्हतेच. हा माणूस कोणत्या हेतूने आणि कशा रीतीने वागतो हे ज्यूरीला कळावे, म्हणून त्यांना बोलावले होते. न्यूयॉर्कमध्ये अशा साक्षींबाबत १९०१ पासून एक कडक नियम आहे, आणि तो एका विषप्रयोगाच्या खटल्यातून आला आहे. रोलंड मॉलिन्यू नावाच्या रसायनतज्ज्ञावर टपालाने पाठवलेल्या औषधाच्या बाटलीतून विष घातल्याचा आरोप होता. त्याच्या खटल्यात आणखी एका संशयास्पद मृत्यूचा पुरावा आणला गेला, म्हणून वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्यात तो सुटला. तेव्हापासून तेथे आरोपीची दुसरी दुष्कृत्ये केवळ ‘हा माणूस असलाच आहे’ एवढे दाखवण्यासाठी पुढे आणता येत नाहीत.

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२४ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने हाच नियम लावला. त्या तीन स्त्रियांच्या साक्षी घ्यायला नको होत्या, आणि आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला तर त्याला इतर अनेक गैरवर्तनांबद्दल विचारण्याची जी मुभा दिली होती तीही चूक होती, असे बहुमताने म्हटले व फेरखटल्याचा आदेश दिला. मूळ तक्रारदार स्त्रिया खोटे बोलल्या, असे बहुमताने कोठेही म्हटले नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांचे म्हणणे असे होते की, ‘तिची संमती होती’ असा बचाव घेतला जातो तेव्हा आरोपीचा हेतू समजण्यासाठी अशाच साक्षी लागतात, आणि त्या नाकारल्या तर ओळखीच्या माणसाने केलेला अत्याचार सिद्ध करणे फार कठीण होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. याच माणसावर लॉस एंजेलिसमध्ये वेगळा खटला चालला. डिसेंबर २०२२ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली. म्हणूनच न्यूयॉर्कची शिक्षा रद्द झाल्यावरही तो घरी गेला नाही. त्या खटल्यातही आरोपात नसलेल्या स्त्रियांच्या साक्षी झाल्या होत्या, कारण कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यात लैंगिक गुन्ह्यांपुरती तशी मुभा आहे. माणूस तोच, साक्षींचा प्रकारही तोच, पण एका राज्यात त्या चालतात आणि दुसऱ्या राज्यात त्यांच्यामुळे शिक्षाच कोसळते.

फेरखटला एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. पहिल्या खटल्यातल्या दोन्ही तक्रारदार स्त्रियांना पुन्हा साक्षीला उभे राहावे लागले, आणि एका नव्या तक्रारीची त्यात भर पडली. ११ जून रोजी ज्यूरीने २००६ मधल्या एका आरोपावर त्याला पुन्हा दोषी ठरवले आणि नव्या तक्रारीतून मुक्त केले. २०१३ च्या आरोपावर ज्यूरीतच फूट पडली, तिच्या प्रमुखाने पुढे चर्चेला बसायला नकार दिला आणि त्या आरोपापुरता खटला निकालाविना संपला. तीन तक्रारी आणि तीन वेगळे शेवट. यातून ‘सगळ्या खोट्या’ किंवा ‘सगळ्या खऱ्या’ असे वाक्य कसे काढायचे, ते तुमच्या कट्ट्याने मला सांगावे.

मला स्वतःला १९०१ चा नियम पटतो. आरोपीला त्याच्यावर ठेवलेल्या आरोपासाठी शिक्षा व्हावी, त्याच्या लौकिकासाठी नव्हे, या तत्त्वावर मी आयुष्यभर वकिली केली. पण ती साक्ष घेऊ देण्याची चूक खटल्याच्या न्यायाधीशांची होती, आणि तिची किंमत पिंजऱ्यात पुन्हा उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी चुकवली, हे मला विसरता येत नाही.

कार्डिनल जॉर्ज पेल यांचा खटला याहून वेगळा आहे. मेलबर्नच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये १९९६ च्या सुमारास गायकवृंदातल्या दोन मुलांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. दोघांपैकी एकाचे निधन झाले होते. दुसऱ्याने प्रौढपणी तक्रार केली. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही, दुसरीने डिसेंबर २०१८ मध्ये दोषी ठरवले, सहा वर्षांची शिक्षा झाली, राज्याच्या अपील न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक अशा मताने कायम ठेवली. मग ७ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने ती रद्द केली. ज्यूरीला तक्रारदार विश्वासार्ह वाटला, हे त्यांनी धरूनच चालले. त्यांचा मुद्दा असा होता की, प्रार्थनेनंतर पेल कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर लोकांना भेटत थांबत, अंगावर धर्मवस्त्रे असताना त्यांच्यासोबत कोणीतरी असे, जेथे अत्याचार झाल्याचा आरोप होता त्या खोलीत त्या वेळी सतत येजा असे, असे अनेक साक्षीदारांनी सांगितले होते आणि ते पुरते खोडले गेले नव्हते. एवढे समोर असताना ज्यूरीच्या मनात रास्त संशय उरायलाच हवा होता. पुरावाच अपुरा ठरल्यामुळे फेरखटल्याचा प्रश्न उरला नाही. पेल ४०० हून अधिक दिवस तुरुंगात राहून सुटले आणि जानेवारी २०२३ मध्ये रोममध्ये वारले. जुन्या खटल्यांची खरी अडचण येथे दिसते. वीस वर्षांनंतर कोणालाही तो एक रविवार आठवत नाही. आठवतात त्या रविवारच्या सवयी, आणि मग एका माणसाच्या ठाम आठवणीसमोर दहा जणांच्या सवयींची आठवण उभी राहते.

कॉस्बीची सुटका तर पुराव्याशी संबंधितच नाही. २००५ मध्ये पेनसिल्वेनियातल्या तेव्हाच्या सरकारी वकिलाने एका स्त्रीच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवर खटला भरणार नसल्याचे जाहीर केले. त्यावर विसंबून कॉस्बीने दिवाणी दाव्यात शपथेवर जबाब दिला आणि स्त्रियांना गुंगीचे औषध मिळवून दिल्याबाबत बरेच काही कबूल केले. पुढच्या सरकारी वकिलाने तोच जबाब वापरून डिसेंबर २०१५ मध्ये, मुदत संपायला काही दिवस उरले असताना, आरोप ठेवले. २०१७ ची ज्यूरी एकमत करू शकली नाही, २०१८ च्या ज्यूरीने दोषी ठरवले, आणि ३० जून २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्यालाही बंदी घातली. सरकारने दिलेला शब्द सरकारला मोडता येणार नाही, एवढाच त्या निकालाचा गाभा आहे. माझ्या मते यात सर्वांत मोठा अन्याय तक्रारदार स्त्रीवर झाला, कारण तो शब्द देणारा अधिकारी ती निवडू शकत नव्हती.

आणि खरोखर निरपराध माणूस अडकल्याचे उदाहरण हवे असेल, तर इंग्लंडमधल्या अँड्र्यू मॅल्किन्सन यांचे पाहा. २००३ मधल्या बलात्काराबद्दल त्यांना चुकीच्या ओळखपरेडीवर दोषी ठरवले गेले, त्यांनी १७ वर्षे तुरुंगात काढली, आणि डीएनए दुसऱ्याच पुरुषाचा निघाल्यावर जुलै २०२३ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. येथेही त्या स्त्रीवर अत्याचार झाला होता, यात कोणालाही शंका नव्हती. माणूस चुकीचा होता, तक्रार नव्हे.

प्रश्न : आपल्याकडे असे फेरखटले होतात का? उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्यावर सर्वोच्च न्यायालय खटला परत पाठवू शकते का?
— विधी शाखेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : होतात, पण क्वचित, आणि ते योग्यच आहे. अपिलाच्या न्यायालयाला आरोपीला मुक्त करण्याचा, शिक्षा कमी करण्याचा किंवा फेरखटल्याचा आदेश देण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८६ ने होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ ने आहे. हा अधिकार केव्हा वापरावा हे सर्वोच्च न्यायालयाने ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या, दारूबंदी कायद्याशी संबंधित खटल्यात १९६३ मध्येच सांगून ठेवले आहे. न्यायालयाला खटला चालवण्याचा अधिकारच नव्हता, खटल्यात गंभीर बेकायदेशीरपणा झाला किंवा हाताबाहेरच्या कारणाने एखाद्या पक्षाला महत्त्वाचा पुरावा मांडताच आला नाही, तरच फेरखटला. सरकारी पक्षाने पुराव्यात ठेवलेली भोके बुजवायला तो मिळत नाही.

आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे उच्च न्यायालय पुरावा स्वतः नव्याने तोलते. म्हणून आपल्याकडची शिक्षा बहुधा फेरखटल्याने नव्हे, तर त्याच कागदांच्या वेगळ्या वाचनाने उलटते. याचे सर्वांत बोलके उदाहरण तुमच्या विदर्भातलेच आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण. देशभर ते त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. मी ते नाव येथे लिहीत नाही, आणि का ते पुढे सांगतो. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात ती शिक्षाही रद्द केली, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरड केली नव्हती.

या तीन पायऱ्यांमध्ये नवा साक्षीदार आला नाही, नवा कागद आला नाही. बदलले ते एवढेच की रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी कसा लावला. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात, म्हणून माझा आग्रह आहे की उच्च न्यायालयाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा, असे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबईत स्त्रिया एकत्र आल्या, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद झाली. तेथे स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. खटला बंद दाराआड चालवण्याची तरतूद झाली. आणि पीडितेचे नाव छापण्यास मनाई करणारे कलमही त्याच दुरुस्तीतून आले. तिच्यामुळे झालेल्या कायद्याचा मान राखावा, म्हणून मी तिचे नाव लिहीत नाही. नवा कायदा मागे जाऊन लागू होत नसल्याने तिला स्वतःला मात्र त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केरळमधल्या सूर्यनेल्ली प्रकरणात मिळते. १९९६ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीला सुमारे चाळीस दिवस ठिकठिकाणी फिरवून तिच्यावर अत्याचार झाले. विशेष न्यायालयाने २००० मध्ये ३५ जणांना दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये एक सोडून सगळ्यांना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये तो निकाल रद्द करून अपील पुन्हा ऐकायला परत पाठवले. आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने २४ जणांची दोषसिद्धी कायम केली. ही अपिलाची फेरसुनावणी होती, फेरखटला नव्हे. साक्षी पुन्हा झाल्या नाहीत. परीक्षेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहू नका.

प्रश्न : पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार आज करता येते का? नाव छापू नये.
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : करता येते. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे, त्याला आपल्याकडे मुदतीचे बंधन नाही. मात्र गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता, तोच लागतो. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून आहे, त्यामुळे त्याआधीच्या प्रसंगांना भारतीय दंड संहिताच लागू होते. मुलींच्या बाबतीत बलात्काराचे कलम आणि मुलग्यांच्या बाबतीत तेव्हाचे कलम ३७७ या दोन्हींना मुदत नाही. विनयभंगाला मात्र २०१३ पर्यंत जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, म्हणून त्याला तीन वर्षांची मुदत होती. उशिराचे कारण समाधानकारक असेल तर न्यायालय तो उशीर माफ करू शकते.

शिक्षा होते का, असा प्रश्न मनात असेलच. १९९२ मध्ये उघडकीस आलेल्या अजमेरच्या प्रकरणात सहा आरोपींना ऑगस्ट २०२४ मध्ये जन्मठेप झाली. त्याआधी त्याच प्रकरणात १९९८ मध्ये दोषी ठरलेल्या आठांपैकी चौघांना उच्च न्यायालयाने २००१ मध्ये सोडले होते. आरोपी वेगवेगळ्या वेळी हाती लागत गेले आणि खटले तुकड्यातुकड्यांनी चालले, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या वयात ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना पुढे संसार थाटल्यावरही साक्षीचे समन्स येत राहिले. हे ठाऊक असावे म्हणून सांगतो. तुम्हाला मागे वळवण्यासाठी नव्हे. तक्रार करण्यापूर्वी त्या काळी तुम्ही ज्यांना सांगितले होते ती माणसे, शाळेचे दाखले, त्या वेळच्या घराचा पत्ता, डॉक्टरांची चिठ्ठी, जे हाती लागेल ते एकत्र करा. पेल यांच्या खटल्यात मी म्हटले ते आठवा : जुन्या प्रकरणात असे छोटे कागदच आठवणीला टेकू देतात.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या प्रकरणात आरोपीला शिक्षा झाली, पण त्याच्या अपिलात फेरखटल्याचा आदेश झाला आहे. ती म्हणते, ‘ताई, मी आता पुन्हा तोंड उघडणार नाही.’ तिला पुन्हा साक्ष द्यावीच लागेल का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, बहुतेक प्रकरणांत द्यावी लागते, आणि हे मी लपवणार नाही. तिची आधीची साक्ष कागदावर राहते, पण फेरखटल्यात न्यायाधीशांना तिचे म्हणणे नव्याने ऐकावे लागते, आणि बचाव पक्ष तो जुना कागद तिला खोटे पाडायला वापरतो.

असा एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. आरोपीला वकीलच दिला गेला नव्हता, म्हणून फेरखटला झाला, आणि ती बाई नऊ वर्षांनी पिंजऱ्यात आली. पट्टेवाल्याने नाव पुकारले तेव्हा ती बाहेर बाकावर लेकीच्या केसाला रिबीन बांधत होती. उलटतपासणीत वकिलांनी जुना जबाब उचलला : ‘तेव्हा तुम्ही म्हणालात, दाराला कडी लावली. आज म्हणता खिट्टी लावली. खरे काय?’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘साहेब, आमच्यात दोन्हीला एकच म्हणतात. दार बंद होतं.’ न्यायाधीशांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत टंकलेखकाला सांगितले. आरोपीला दुसऱ्यांदा शिक्षा झाली. पण ती नऊ वर्षांत ज्या गावात राहायला गेली होती, तेथे समन्स पोहोचवणाऱ्या माणसामुळे सगळ्यांना सगळे कळले होते, आणि त्यावर आम्हा कोणाकडेच उपाय नव्हता.

म्हणून तुमच्या बाबतीत काही गोष्टी आत्ताच करा. समन्स कोणत्या पत्त्यावर आणि कसे यावे, याबद्दल तपास अधिकारी व सरकारी वकील यांच्याकडे लेखी विनंती द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून बहिणीसाठी वेगळा वकील मागा. स्त्रियांना तो उत्पन्न न पाहता मोफत मिळतो, आणि तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो. बंद दाराआड सुनावणी हा कायद्याचाच नियम आहे, तरी पहिल्या दिवशीच त्याची आठवण करून द्यायला सांगा, आणि आरोपी नजरेसमोर येऊ नये म्हणून पडद्याची किंवा दडपणाखाली येऊ शकणाऱ्या साक्षीदारांसाठी असलेल्या वेगळ्या खोलीची सोय मागा. बहीण अजून अठरा वर्षांखालची असेल, तर तिला वारंवार न्यायालयात बोलावू नये, हे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

शिवाय तिच्या आधीच्या साक्षीची प्रमाणित प्रत काढून घ्या. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती असतील तर दोन्ही घ्या, कारण भाषांतरात कडीची खिट्टी सहज होते. तारखेच्या आधी आठवडाभर, तिला झेपेल तेव्हा, ती प्रत वकिलांसमोर बसून तिला एकदा वाचू द्या. पाठ करायला सांगू नका. जेथे काही आठवत नाही तेथे ‘आठवत नाही’ असे म्हणायचा तिला हक्क आहे, हे तिला वकिलांच्या तोंडून ऐकू द्या. त्या दिवशी तुम्ही तिच्यासोबत जा, आणि आत जाता आले नाही तरी दाराबाहेरच्या बाकावरून उठू नका.